ज्या चौकांत तुम्ही दिसलात, तिथे आता खेळही दिसू द्या

प्रति,
सन्माननीय सदस्य,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर.

विषय : कमी दाखवल्या जाणाऱ्या खेळांचे प्रक्षेपण शहरातील सार्वजनिक जागी सर्वांना विनामूल्य पाहता यावे याबाबत.

सन्माननीय महोदया, महोदय,

माझा मंगळवार पेठेत फ्लेक्स छपाईचा व्यवसाय आहे. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत तुमच्यापैकी काही जणांचे चेहरे माझ्याच मशीनमधून बाहेर पडले. काहींची बिले वेळेवर मिळाली, काहींची अजून यायची आहेत. तो विषय या पत्राचा नाही. सांगायचे एवढेच की, फ्लेक्समुळे शहर विद्रूप होते अशी तक्रार करणारा मी कोणी त्रयस्थ नागरिक नाही. माझे घर त्याच फ्लेक्सवर चालते, आणि म्हणूनच या शहरात कोण दिसतो, कोण दिसत नाही आणि दिसण्यासाठी किती पैसे मोजावे लागतात, हे मला इतरांपेक्षा थोडे अधिक ठाऊक आहे.

२०१५ नंतर महापालिकेची निवडणूक लागायला दहा वर्षे गेली. एवढ्या काळाने आलेला प्रचार दणक्यात होणार हे उघड होते. त्यातच प्रभागरचना बदललेली, एकेका मतदाराने चार-चार (एका प्रभागात पाच) बटणे दाबायची, त्यामुळे वीस प्रभागांतील ८१ जागांसाठी उभा राहिलेला प्रत्येक उमेदवार आपले चिन्ह लोकांच्या डोळ्यांत भरवण्यासाठी धडपडत होता. मिरजकर तिकटी, बिंदू चौक, पापाची तिकटी, गंगावेस, जिथे म्हणून चार माणसे थांबतात तिथे संध्याकाळी एलईडी व्हॅन उभी असे. तिचा पडदा इतका लखलखीत की, समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलेल्यांचे चेहरे कधी भगवे तर कधी निळे-हिरवे दिसत. मला यात आक्षेपार्ह काही वाटले नाही. ज्याला मत द्यायचे तो माणूस कोण, कोणाबरोबर आहे, काय बोलतो, हे उघड्यावर दिसले पाहिजे. झाकून केलेल्या प्रचारापेक्षा चौकातला प्रचार कधीही बरा. लोकसभा-विधानसभेला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ आम्हा छपाईवाल्यांना बांधून ठेवते. पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ते छापावे लागतात, प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र घ्यावे लागते आणि त्याची प्रत शासनाकडे पाठवावी लागते. म्हणजे जो दिसतो त्याला कोणी दाखवले, याची नोंद राहते. ही व्यवस्था मला मनापासून पटते.

मात्र या धंद्यात एक गोष्ट दर निवडणुकीत दिसते. पक्षाचा उमेदवार यायच्या आधीच त्याचे चिन्ह माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार असते. अपक्षाचे तसे नसते. अर्ज माघारीची मुदत संपल्यावर त्याला मुक्त चिन्हांच्या यादीतून बॅट, कॅरम बोर्ड, छत्री असे काहीतरी मिळते आणि मग तो धावत येतो. तोपर्यंत मोक्याच्या जागा भरलेल्या असतात, मशीनवर रात्रंदिवस दुसऱ्यांचे काम चालू असते, आणि त्याच्या हाती उरतात मोजके दिवस. एखादा अपक्ष अत्यंत लायक असतो. पण त्याचे चिन्ह लोकांच्या लक्षात येईपर्यंत मतदान होऊन गेलेले असते. आपल्याकडचे बरेचसे खेळ हे असे अपक्ष उमेदवार आहेत. क्रिकेटला बारमाही मोक्याची जागा आहे. नेमबाजी, कुस्ती, जलतरण, हॉकी यांचा सामना कधी, कोणत्या वाहिनीवर, कोणत्या ॲपवर, हे आदल्या दिवशी कळले तरी नशीब समजायचे.

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार मला नीट आठवते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरणार होता. आपल्याकडे एक वाजला होता. दुकानातला टीव्ही केबलवर चालतो. त्यावर हवी ती वाहिनी लागेना. शेवटी मशीन थांबवून आम्ही पाच जण एका मोबाईलभोवती गोळा झालो. मोबाईल पेपर कटरला टेकवून उभा केला होता. नेट मध्येच अडकायचे, चित्र गोठायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे तेव्हा दोन गोळ्या उडून गेलेल्या असायच्या. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून, मग उभे राहून नेम धरायचा. उभ्या स्थितीत शेवटी शेवटी एकेक नेमबाज बाद होत जातो आणि प्रत्येक गोळीला गुणांचे दशांश बदलतात, हे आमच्यातल्या चौघांना त्या दिवशीच पहिल्यांदा कळले. ४५१.४ गुणांवर त्याचे कांस्यपदक निश्चित झाले, तेव्हा आमचा मोबाईल नेमका गोठलेला होता. बातमी आम्हाला शेजारच्या दुकानातून आलेल्या ओरडण्यावरून समजली. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होते, आणि ते आमच्या जिल्ह्यात आले तेव्हा आम्ही एका गोल फिरणाऱ्या चकतीकडे पाहत होतो.

त्याच संध्याकाळपासून माझ्याकडे अभिनंदनाच्या फ्लेक्सची रीघ लागली. एका कार्यकर्त्याने सांगितले, "साहेबांचा फोटो वर मोठा घ्या, पोराचा खाली बसवा." साहेबांचे तीन वेगवेगळ्या पोझमधले फोटो माझ्याकडे आधीपासूनच होते, त्या पोराचा चांगला फोटो मात्र शोधून काढावा लागला. मी तो फ्लेक्स छापला, पैसेही घेतले. तरीही दहा बाय पंधराच्या त्या फ्लेक्सवर ऑलिंपिक पदकविजेत्याचा चेहरा अंगठ्याने झाकता येईल एवढाच का असावा, हा प्रश्न आयलेट ठोकताना माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये लढले तेव्हा त्यांची कुस्ती कोल्हापुरात कोणाला दिसली नाही. काळच तसा होता. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकल्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत वीरधवल खाडेने जलतरणात कांस्यपदक मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत दोनदा शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा फेरी, खेळून पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. यांपैकी कोणता क्षण या शहराने एकत्र बसून पाहिला? आता काळाचे कारण सांगता येत नाही. अडचण कुठे आहे ती समजून घेतली पाहिजे.

कायदा तसा आपल्या बाजूचा आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले, तेही एका क्रिकेट संघटनेच्या प्रक्षेपणहक्काच्या खटल्यात. त्यानंतर २००७ मध्ये क्रीडा प्रक्षेपणाच्या सक्तीच्या वाटणीचा कायदा आला. केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर केलेली स्पर्धा खाजगी वाहिनीने कितीही पैसे मोजून घेतली असली, तरी तिचे थेट चित्र जाहिराती वगळून दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि त्यावर मिळणारे जाहिरातीचे उत्पन्न टीव्हीसाठी ७५ : २५, रेडिओसाठी निम्मे-निम्मे असे वाटले जाते. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा त्या यादीत आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर असे मिळालेले चित्र दूरदर्शनला आपल्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या आपल्या मोफत उपग्रह सेवेवरच दाखवता येते, केबलवाल्यांमार्फत जाणाऱ्या दूरदर्शनवर नाही. हा बारकावा सामान्य माणसाला कोण सांगणार? तो महिन्याला केबलचे पैसे भरतो, दूरदर्शन लावतो, सामना नसतो, आणि आपल्याच टीव्हीत काहीतरी बिघाड आहे असे समजून तो बंद करतो. ज्याच्या घरावर फ्री डिशची छत्री आहे, त्याला मात्र तोच सामना फुकट दिसतो. म्हणजे चित्र शहराच्या डोक्यावरून रोज जात आहे. ते खाली उतरवून चौकात लावायला एक छत्री, एक सेटटॉप बॉक्स आणि एक पडदा लागतो. यांतला पडदा सर्वांत महाग, आणि तो कुठे भाड्याने मिळतो हे या पत्राच्या वाचकांइतके कोणालाच माहीत नसेल.

माझी पहिली विनंती नेमक्या तारखेची आहे. यंदाच्या आशियाई स्पर्धा जपानमध्ये आइची-नागोया येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात आहेत. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून कुस्ती आणि हॉकी वगळली आहे, नेमबाजी तर तिथे नाहीच. त्यामुळे आपल्या मातीतले खेळ यंदा पाहायचे तर ते नागोयालाच. आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला. म्हणजे स्पर्धेचा पहिला आठवडा ऐन गणेशोत्सवात येतो, जेव्हा शहरातल्या मोठ्या मंडळांच्या मांडवात पडदा, साउंड आणि वीजजोडणी आधीच असते. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथली सकाळी दहाची फेरी आपल्याकडे साडेसहाला, संध्याकाळी सहाची कुस्ती दुपारी अडीचला. ज्यांनी मांडवात दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको की, देखावे पाहणाऱ्यांची गर्दी संध्याकाळनंतर होते आणि दुपारी तिथे राखणीला बसलेली दोन पोरे पत्ते कुटत असतात. तीच वेळ या सामन्यांची आहे. प्रत्येक प्रभागात एका मंडळाने हे करायचे ठरवले तरी शहरात वीस ठिकाणे होतात. गांधी मैदान, दसरा चौक अशा दोन-तीन ठिकाणी महापालिकेने स्वतः पडदा लावावा. शाळेतल्या मुलांना वेळ मिळेल तसे आणता येईल. पोर नेमबाजी पाहील तेव्हा ना ती शिकावी असे त्याला वाटणार!

खर्चाची आणि हक्काची शंका येईल, म्हणून सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे पैसे आकारून लोकांना प्रसारण दाखवायचे तर हक्कधारकाचा परवाना लागतो. आपण तिकीट लावणार नाही आणि दूरदर्शनचेच चित्र दाखवणार. तरीही महापालिकेच्या विधी विभागाने प्रसार भारतीला एक पत्र लिहून हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. सप्टेंबरला अजून अवधी आहे, पण आपल्याकडे पत्राचे उत्तर यायला किती वेळ लागतो ते आपण जाणता.

दुसरी विनंती घरच्या खेळांबद्दल आहे, आणि इथे मी थोडा अधिक बोलणार आहे, कारण तो माझ्या पेठेचा विषय आहे. या शहराचे फुटबॉल पाहायला बाहेरून पाहुणा आला की, तो आधी गोंधळतो. विश्वचषकाच्या वेळी पेठापेठांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे घराएवढे कटआउट, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी या स्थानिक संघांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी. तरीही या सामन्यांचे चित्रण म्हणजे दोन हौशी पोरे, एक तिपाई आणि उधारीवर आणलेला माईक. माझा भाचा त्यांपैकी एक आहे. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याला त्याने सकाळी जाऊन मध्यरेषेसमोरची जागा पकडली. मध्यंतरात कोणा दानशूराच्या कार्यकर्त्यांनी कुंपणाला वीस फुटी फ्लेक्स बांधला, आणि कॅमेऱ्यातून उजव्या बाजूचा गोलपोस्ट अर्धा दिसेनासा झाला. विजयी गोल नेमका तिकडेच झाला. यूट्यूबवर तो सामना आजही आहे; गोलच्या क्षणी पडद्यावर हात जोडलेला एक हसरा चेहरा दिसतो, आणि मागून आरडाओरडा ऐकू येतो. फ्लेक्स माझ्या दुकानातला नव्हता, हे भाच्याला मी दोनदा शपथेवर सांगितले.

म्हणून ज्या स्पर्धेला महापालिकेचे मैदान, पाणी, वीज, बक्षीस किंवा निधी दिला जातो, तिला दोन अटी घाला. एक, चित्रणाची जागा राखीव असावी आणि कॅमेऱ्यासमोर कोणाचाही फलक येऊ नये. दुसरी, त्या सामन्याचे थेट चित्र आणि ध्वनिचित्रण सर्वांना विनामूल्य खुले असावे. हक्क कोणाला दिले, कितीला दिले, हे प्रवेशद्वारावर लिहिलेले असावे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव असते, तसेच. खासबागेत कुस्तीचे मैदान भरते तेव्हाही हाच नियम असावा. शाहू महाराजांनी ते मैदान असे बांधून घेतले की, कुठेही बसलेल्या माणसाला मधली कुस्ती दिसावी. मध्ये खोलगट आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक. शंभर वर्षांहून जुन्या त्या बांधणीत शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार होता. आज मागे बसणाऱ्याला पुढच्या फलकांच्या फटीतून पाहावे लागते.

रेडिओचाही विसर पडू नये. प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये खेळांना पुरेसा वाव देणे हे तिचे कर्तव्यच सांगितले आहे. आकाशवाणीचे केंद्र कोल्हापुरात आहे, आणि कुस्तीचे रसाळ निवेदन करणारी माणसे या जिल्ह्यात कमी नाहीत. रिक्षावाला, हॉटेलातला आचारी, शेतात पाणी पाजणारा शेतकरी, यांना पडद्यासमोर बसता येत नाही, पण कान मोकळे असतात. खासबागेतल्या मोठ्या मैदानाचे आणि केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगच्या निवडक सामन्यांचे थेट समालोचन व्हावे, असा ठराव सभागृहाने करून आकाशवाणीकडे पाठवावा. याला पैसे लागत नाहीत.

आता जे सांगायला मला सर्वांत अवघड जाते ते. या पडद्यांवर, मांडवांवर, वेळापत्रकांवर तुमचे फोटो नकोत. माझ्यासारख्याने हे म्हणणे म्हणजे कसायाने शाकाहाराचा आग्रह धरण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण प्रचाराला आपली वेळ आहे. तेव्हा दिसा, खुशाल दिसा, कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत हवे तेवढे दिसा. खेळ चालू असताना दिसणारा चेहरा लोक वाचत नाहीत, त्याला चुकवून पलीकडे पाहतात. जानेवारीतल्या फ्लेक्सचे काय झाले तेही पाहून या. मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे ऊसतोडीच्या टोळीतली दोन माणसे आली होती, वापरलेले फ्लेक्स मागायला. गेल्या महिन्यात कसबा बावड्याच्या रस्त्याला उसाच्या फडाकडेला त्यांच्या खोपी पाहिल्या. एका खोपीवर विजयी उमेदवार होता, शेजारच्या खोपीवर पराभूत, दोघेही उताणे, आकाशाकडे हात जोडून. आतून पाहिले तर दोन्हींचा पांढरा भागच दिसतो. ऊन अडते, थंडी थोडी कमी लागते. त्या माणसांना चेहऱ्याशी कर्तव्य नव्हते.

माझ्या बाजूने एक गोष्ट देऊ करतो. नागोयाच्या स्पर्धेतील कुस्ती, नेमबाजी, हॉकी, जलतरण, कबड्डी आणि फुटबॉल यांच्या भारताच्या सामन्यांचे मराठीतील वेळापत्रक, आपल्या घड्याळाप्रमाणे वेळा आणि चित्र दिसण्याचे ठिकाण यांसह, वीस प्रभागांसाठी प्रत्येकी दोन, असे चाळीस फलक मी विनामूल्य छापून देईन. फ्लेक्सवर नाही, कापडावर. म्हणजे नंतर कोणाच्या तरी कामाला येईल. आकार सहा बाय चार. त्यावर नियमाप्रमाणे खाली बारीक अक्षरात मुद्रकाचे नाव असेल, माझे. दुसरे कोणतेही नाव किंवा फोटो नसेल. डिझाईन तयार आहे, ठिकाणांची जागा रिकामी ठेवली आहे. ऑगस्टअखेर ती यादी सभागृहाकडून मिळाली, तर चतुर्थीच्या आधी फलक लागतील.

आपला,
मंगळवार पेठेतील एक मतदार व छपाई व्यावसायिक,
कोल्हापूर.